गाळात गेलेलं धरण

पक्षिनिरीक्षणाचा छंद मराठी माणसाला जमेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याला दोनच गोष्टी लागतात : पहाटे उठणं आणि गप्प बसणं. पैकी पहिली आपण दिवाळीत फराळाच्या लोभाने करतो आणि दुसरी फक्त दाढदुखीत.

तरीही थंडी पडली की रविवारी भल्या पहाटे नाशिकहून निफाडच्या रस्त्याला कानटोपीवाल्यांच्या गाड्या लागतात. त्यांतली एक आमची. मुक्काम नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत इथे बंधारा झाला. पाणी अडवायचं आणि कालव्यांनी शेताला द्यायचं, एवढाच साधा बेत. पाणी अडलं, पण दोन्ही नद्या रिकाम्या हाताने येईनात. येताना गाळ घेऊन आल्या, वर्षानुवर्षं घेऊन आल्या. तलाव उथळ झाला, मध्ये बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. थोडक्यात, धरण गाळात गेलं. आणि गाळात गेलं म्हणूनच पक्षी आले! १९८६ साली तिथे अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. इराणातल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागा जपण्याचा करार झाला, त्याची ही यादी. आमच्या सोसायटीत मात्र "हे राम सर कुठल्या शाळेवर होते हो?" अशी चौकशी झाली.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना तिथे न्यायची कामगिरी काकूंनी माझ्यावर सोपवली. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. पहिला महिना त्यांनी घरातले नळ दुरुस्त केले, दुसरा महिना शेजाऱ्यांचे. नळ संपले तसे गॅलरीत खुर्ची टाकून बसले, ते बसलेच.

"अरे, पेपरसुद्धा घडी न मोडता परत ठेवतात," काकू हळूच म्हणाल्या. "एकदा ने त्यांना. पक्षी नाही दिसले तरी चालेल."

काका आले, काखेत न उघडलेला पेपर. गाडीत मी सहज विचारलं, "काय काका, कसं काय चाललंय?"

"धरणाच्या तळाला एक साठा असतो," काका म्हणाले. "कालव्याच्या तोंडाच्याही खाली. तो वापरात येत नाही. गाळ साचायला म्हणून धरलेली जागा. त्याला आमच्याकडे मृत साठा म्हणतात. तसं चाललंय."

मी उगीचच काच वर केली.

चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बिणी सरसावल्या होत्या. नावं ठेवण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरत नाही; पक्ष्यांनासुद्धा त्याने माणसं बघूनच नावं ठेवली असावीत. वारकरी हा काळा पक्षी कपाळावर पांढरा टिळा लावून दिंडीदिंडीने पोहतो. चमचा पाण्यात चोच घालून मान डावी-उजवीकडे हलवत राहतो. कचेरीतला चमचा वर-खाली हलवतो, इतकाच फरक. वंचक चिखलात चिखलाच्या रंगाचा होऊन बसतो आणि उडाला की पांढराशुभ्र! हा पक्षी निवडणुकीच्या दिवसांत गावातही दिसतो.

गावातला गाईड पोरगा लडाख-तिबेटकडून आलेले चक्रवाक दाखवत होता. काकांनी दुर्बीण लावली आणि मोठ्याने म्हणाले, "केवढा गाळ!"

मनोरा दचकला.

"आयुष्यभर ह्याचाच हिशेब लिहिला मी. साठवणक्षमतेत घट. दर साली घट." एवढं बोलून काका गप्प झाले. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "तो लांब तंगड्यांचा कोण रे?"

"शेकाट्या."

"पाय केवढे त्याचे?"

"वीतभर असतील."

"गुडघ्यापर्यंत बुडालाय. म्हणजे चार-साडेचार इंच पाणी."

पोरगा म्हणाला, "काका, तो गुडघा नाही, घोटा. पक्ष्याचा गुडघा वर पिसांत असतो." काकांनी दुरुस्ती मंजूर केली, पेपरची घडी मोडली आणि समासात पेनने तलाव काढायला घेतला.

"तो तुतवार चालतोय तिथे पाणी शून्य. राखी बगळा उभा आहे तिथे फूटभर. वारकरी बुड्या मारतायत, म्हणजे त्याहून खोल. अरे, ह्यांनी सगळा तलाव मोजून ठेवलाय!"

खरंच होतं ते. ज्याचे जेवढे पाय, जशी चोच, तशी त्याची पंगत. सगळीकडे वीस फूट पाणी असतं तर पाण्यात उभं राहून जेवणारे हे सगळे उपाशीच परत गेले असते.

"म्हणजे घट नव्हती म्हणायची, काका?"

"शेतकऱ्याची घट ती घटच," काका म्हणाले. "पण ह्यांच्या बाजूचं जमाखर्चाचं पान कोणी लिहिलंच नव्हतं."

उतरताना पेपर त्यांनी खिशात जपून ठेवला.

आता काका दर रविवारी माझ्या आधी तयार असतात. नावं त्यांना अजून धड दहा येत नाहीत, पण तोफेएवढे कॅमेरे घेऊन आलेले लोक त्यांनाच विचारतात, "काका, चमचे आज कुठे?" काका म्हणतात, "कालव्याला पाणी सोडलंय. डावीकडचं बेट उघडं पडलं असेल, तिकडे बघा." बहुतेक वेळा असतातही.

काकूंची तक्रार चालूच आहे, फक्त विषय बदलला. परवा त्यांनी आतून विचारलं, "अहो, बादली किती भरली?"

बाथरूममधून उत्तर आलं, "एक शेकाट्या!"