समुद्राच्या तळाशी मोजमाप : पाणबुडे शास्त्रज्ञ नेमकं काय करतात?



आमचं बिद्री दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातलं, साखर कारखान्याचं गाव. इथली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. उन्हाळ्यात त्यांची एक पैज ठरलेली असते : पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो? त्यामुळे वर्गात ‘शास्त्रज्ञ समुद्रात बुडी मारून संशोधन करतात’ असं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, “सर, ते किती वेळ दम धरतात?”

उत्तर ऐकून पोरं चकित होतात. ते दम धरतच नाहीत! पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली हवा असते. तोंडातल्या नळीतून ती घेत सतत श्वास चालू ठेवायचा, हा स्कूबाचा पहिला नियम. 10 मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा कोंडून वर आलं, तर ती फुगून दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं.

आता तुम्ही विचाराल, एवढा धोका पत्करून खाली जायचंच कशाला? जाळं टाकून वर ओढलं तर चालणार नाही का? जाळ्यात वस्तू येते, पण ती कुठे होती, कुणाच्या शेजारी होती, हे समजत नाही. शिवाय नाजूक गोष्टी मोडतात.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. फोंडा घाट उतरून आपण मालवणला सहलीला जातो. तिथल्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. 1987 मध्ये हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो असंख्य छोट्या जिवांची वसाहत असतो. पाणी जास्त तापलं की तो पांढरा पडतो. किती पांढरा पडला, किती सावरला, हे कळायला शास्त्रज्ञ तळावर मोजपट्टी अंथरतात आणि तिच्या कडेने पोहत ठरावीक अंतरावर काय आहे त्याची नोंद घेतात. कुठे चौकोनी चौकट ठेवून तिच्या आतलंच मोजतात. पाण्याखालीही लिहिता येईल अशी पाटी आणि पेन्सिल सोबत असते. त्याच जागी पुन्हा जाऊन मोजलं, तरच बदल सांगता येतो.

दुसरं उदाहरण गोव्याचं. दोना पावला इथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या पुरातत्त्व अभ्यासकांनी गोव्याजवळच्या सुंची रीफ या खडकाळ भागात बुडालेल्या एका पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष शोधले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे तिथे मिळाले. आफ्रिकेचा आणि चीनचा माल गोव्याच्या समुद्रात एकत्र! कोणती वस्तू कुठे पडली होती याची नोंद ठेवली, तरच व्यापाराची ही गोष्ट नीट जुळते.

गणिताच्या तासालाही हा विषय घ्या. समजा, एक टाकी पाण्याच्या पृष्ठभागावर 60 मिनिटं पुरते. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ती 30 मिनिटंच पुरेल. 20 मीटरवर दाब तिप्पट. मग किती मिनिटं? चौथीची मुलं 20 असं पटकन सांगतात. आणि सगळी हवा तिथेच संपवून चालत नाही, परतीची राखून ठेवावीच लागते. वर येतानाही घाई करायची नाही. सोड्याची बाटली झटकन उघडली की बुडबुडे येतात, तसे घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून हळू यायचं, साधारण 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. आणि एकट्याने कधीच उतरायचं नाही, जोडीदार हवाच.

पालकहो, हा भाग घरी मुलांशी जरूर बोला. दरवर्षी सुट्टीत विहिरीत, नदीत मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. दम धरायच्या पैजेत पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. एवढं प्रशिक्षण घेतलेला शास्त्रज्ञ एकटा उतरत नाही, तर आपल्या पोरानं का उतरावं? “पाण्यात जाऊ नको” म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. “मोठं माणूस सोबत असेल तरच, आणि पैज लावायची नाही” असं कारणासकट सांगितलं, तर पटतं त्यांना.

समुद्र लांब असला तरी ही पद्धत शाळेच्या मैदानावर करता येते. सुतळीची 1 मीटर बाजूची चौकट करा. दोघादोघांच्या जोड्या पाडा. चौकटीत किती प्रकारची रोपं, किती मुंग्या, किती मोकळी माती, हे पाटीवर लिहायला सांगा. बोलायचं नाही, फक्त हातांच्या खुणा. वेळ 10 मिनिटं. काहीही उपटायचं नाही. चारी कोपऱ्यांना दगड ठेवा आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा मोजा.

प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही हे जमतं. करून बघा, मुलांच्या दोन्ही वेळच्या नोंदी जपून ठेवा आणि पालकसभेत त्या मुलांनाच वाचून दाखवू द्या.