चाळीस दिवसांचे पाहुणेपण

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाने जिवंत वस्तूंचा नाद करू नये, असे माझे बरीच वर्षे मत होते. पुस्तके पेटीत भरता येतात, भांडी गोणपाटात बांधता येतात. पण जीव लावलेली गोष्ट कोणत्या पेटीत भरायची? तरीही कोलकात्यास आल्यावर दुसऱ्याच वर्षी, 2023 मध्ये, मी घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडले. विचारणारास मी मुलीचे नाव सांगत असे. खरे कारण निराळे होते. मालवणचा माणूस वीस वर्षे समुद्रापासून दूर राहिला, म्हणजे घरात कोठेतरी खारे पाणी असावे असे त्याला वाटू लागते.

कोलकात्यात मासळीला काय तोटा! पण बंगाली माणसाचे प्रेम नदीवर आणि पुकुरावर. दर रविवारी सकाळी बागबाजारजवळ गालिफ स्ट्रीटवर पक्षी, रोपे आणि शोभेचे मासे यांचा बाजार भरतो, तेथेही बहुतेक मासे गोड्या पाण्यातलेच. माझ्या पेटीला समुद्र हवा होता, आणि तो स्वयंपाकघरातल्यासारखाच मापाने करावा लागला. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री क्षार, विशिष्ट गुरुत्व 1.025, उष्णता 26 अंश. मग पाच आठवडे मासा न सोडता थांबायचे. माशांच्या उत्सर्जनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्या अवधीत दगडांवर वस्ती करतात. एवढा धीर मी धरला, आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

पुढे मात्र धीर सुटला. एका दुकानातून मी एकाच दिवशी पाच मासे आणले, आणि पिशवी तासभर पाण्यावर तरंगवून पाचही सोडून दिले. आठव्या दिवशी एकाच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. दुसरा दगडाला अंग घासू लागला. तिसरा आठवडा संपेपर्यंत पेटी रिकामी झाली. शेवटचा निळा मासा चार दिवस एकटाच फिरत होता. तो गेला तेव्हा मुलीने विचारले, “बाबा, हा आजारानेच गेला, की एकटा राहिला म्हणून?” मी कार्यालयात लोकांच्या तक्रारींना उत्तरे लिहितो, या प्रश्नाचा मसुदा मला जमला नाही.

त्या रोगाची रीत मी नंतर वाचली. एक सूक्ष्म परजीवी माशाच्या त्वचेत शिरून काही दिवस त्याच्यावर पोसतो, मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि त्यातून शेकड्याच्या हिशेबाने पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधू लागतात. त्वचेत असताना औषध त्याला पोचत नाही, कवचात असतानाही नाही. मोकळा पोहत असतो तेवढ्याच वेळी तो सापडतो. म्हणून मोठी पेटी अडीच महिने मत्स्यहीन ठेवायची, म्हणजे आश्रय न मिळून तो मरतो. आणि पुढे प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या पेटीत ठेवायचा.

ही युक्ती माणसाने स्वतःसाठी फार पूर्वी शोधली. 1377 साली रागूसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, येथे साथीच्या मुलुखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम झाला. पुढे तिसाचे चाळीस झाले, आणि व्हेनिसच्या बोलीतील चाळीस या शब्दावरून क्वारंटाइन हे नाव पडले. 2020 सालानंतर तो शब्द कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

2024 च्या जानेवारीत वडील गेले, आणि दिवसकार्य आटोपून मी आईला मालवणहून आमच्याकडे आणले. तिला चौथ्या मजल्यावरची खोली दिली. ती दोन घास खाई, आणि खिडकीपाशी बसून राही. नदीच्या मासळीला चिखलाचा वास येतो म्हणे. घराच्या विक्रीचे कागद धाकट्या भावाने पाठवले होते. माझ्या सहीसाठी ते टेबलाच्या खणात पडून होते. आईला त्यांची कल्पना नाही, अशी माझी समजूत होती.

मासे घ्यायला निघालो, तेव्हा तिला बळेच बरोबर नेले. मालवणच्या बाजारात कल्ले उघडून, डोळे पाहून मासळी निवडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. जिवंत माशाची पारख फारशी निराळी नसते. पोट खपाटीला गेलेले नसावे, डोळे स्वच्छ असावेत, कल्ल्यांची उघडझाप संथ असावी. पहिल्याच काचेशी ती थबकली. “ह्यो नको. ह्येका दम लागलो हा.” दुकानदाराला मी मासे खाऊ घालून दाखवण्यास सांगितले, जो दुकानात खात नाही, तो घरी खाईल याचा भरवसा नाही. शेवटी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे घेतले, तेही समुद्रातून धरलेले नव्हेत, पैदास केलेले. 1947 साली मंडपम येथे सुरू झालेल्या आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे.

विलगीकरणाची पेटी दिसायला अगदी दरिद्री. ना वाळू, ना दगड, कारण ते औषध शोषून घेतात. स्पंजाची गाळणी, पाणी तापवण्याची कांडी, आणि लपण्यासाठी नळाचे दोन तुकडे. दुकानाचे पाणी फेकून द्यायचे, मासा तेवढा घ्यायचा. पहिले काही दिवस नुसती विश्रांती. मग तीस दिवस तांब्याचे औषध. त्याचे प्रमाण कमी झाले तर रोग जगतो, वाढले तर मासा मरतो. म्हणून रोज मोजायचे. शेवटी साध्या पाण्यात ठेवून पाहायचे.

तीन दिवस मासे नळाबाहेर आले नाहीत. मी पुन्हा पुन्हा खाद्य टाकू लागलो, तशी आई म्हणाली, “तेका गप रवांदे. नव्या घरात कोण लगेच जेवता?” चौथ्या दिवशी त्यांनी खाद्य टिपले, आणि ते प्रथम तिने पाहिले. त्यानंतर पेटीपाशी तिची खुर्ची आली. शेजारच्या वृद्ध बाई दुपारी येऊन बसू लागल्या. एक बंगालीत बोले, दुसरी मालवणीत, आणि घरात मासे असून कढईत एकही नाही या आश्चर्यावर दोघींचे एकमत होते. हळूहळू आई दोन घासांवरून चारांवर आली. मला वाटले, औषध लागू पडले.

एकेचाळिसाव्या दिवशी दोन्ही पेट्यांच्या पाण्याचा खारटपणा जुळवून मी मासे भांड्याने उचलले आणि मोठ्या पेटीत सोडले. ते क्षणभर थबकले, आणि दगडांतून असे फिरू लागले, की जणू जन्मभर तेथेच होते. मुलीने टाळ्या वाजवल्या. आई रिकाम्या पेटीकडे पाहत होती. ती शांतपणे म्हणाली, “आता माका खंय सोडतलंस?”

मी रोज पाणी मोजले होते, तांबे मोजले होते. आईला काय हवे, हे मात्र मी मोजले नव्हते. ती खाऊ लागली, म्हणजे रुळली, असा सोयीचा निष्कर्ष मी काढला होता. विलगीकरणाला अर्थ येतो तो त्याच्या शेवटामुळे. ज्याला शेवट नाही, त्याला निराळे नाव आहे.

घराचे कागद मी सही न करता भावाकडे परत पाठवले. त्याने दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी केला आणि सुटल्यासारखा हसला. त्यालाही कोणी तरी नाही म्हणायला हवे होते. चैत्रात आम्ही आईला घेऊन मालवणला गेलो. कुलूप गंजले होते, ते तिने स्वतः तेल घालून उघडले. आता ती पावसाळा तिकडे काढते आणि थंडीत आमच्याकडे येते. आली की प्रथम पेटीपाशी जाते आणि कल्ल्यांची उघडझाप पाहते. लहान पेटी धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवली आहे.