वाहने सावकाश हाका

दिल्लीच्या द्वारका भागात आमच्या सोसायटीसमोरच्या सर्व्हिस रोडवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे. जून २०२१ मध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी वस्त्या, बाजार आणि सर्व्हिस रोडवर सगळ्याच वाहनांना ती लावली. मला ती कळली गेल्या हिवाळ्यात, गेटवरच्या रखवालदाराचा पाय मोडल्यावर. सकाळचे साडेसात, कोणीतरी मुलाला शाळेत सोडायला निघालं होतं. ती गाडी माझी नव्हती. पण त्याच वेळी, त्याच रस्त्यावरून मीही मुलाला घेऊन रोज पन्नासच्या आसपास जात होते. घर ते शाळा दोन किलोमीटर. तीसऐवजी पन्नासने गेलं तर जेमतेम दीड मिनिट वाचतं.

शेजारच्या गुरुग्राममध्ये 'रोड सेफ्टी ऑफिसर' म्हणून साधे नागरिक वाहतूक पोलिसांसोबत चौकांत उभे राहतात. रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद करणारी 'राहगिरी'ही तिथलीच, नोव्हेंबर २०१३ची. ते बघून आम्ही सातजण शाळेच्या फाटकाशी रोज अर्धा तास फलक घेऊन उभे राहू लागलो. नाशिकला शाळेत आर.एस.पी.त होते, तेव्हा निदान शिट्टी होती. इथे पावती फाडायचा अधिकार नाही, गाडी अडवायचा नाही. हातात फक्त एक वाक्य.

भाषांतरकार म्हणून ते वाक्य माझ्याकडे आलं. मला गावाकडच्या जुन्या पाट्या आठवत होत्या : 'वाहने सावकाश हाका'. हाकणं हे बैलगाडीचं क्रियापद, मोटारीला चिकटून राहिलेलं. आणि सावकाश म्हणजे स-अवकाश. त्यात वेळ आहे तशी जागाही आहे. हिंदीतल्या 'धीरे चलें'मध्ये ती जागा मला सापडेना. दोन रात्री गेल्या. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीने पुठ्ठा ओढून लिहिलं, 'यहाँ हम पैदल हैं।' माझी सगळी व्युत्पत्ती तिथेच संपली.

हवालदार उभा असेल त्या दिवशी गाड्या आपोआप हळू होतात आणि त्याच्या पुढे गेल्या की उसळतात. आमच्यासाठी काही थांबतात, काही हसतात. एकाने काच खाली केली.

"आंटी, आप पुलिस हो?"

"नहीं, भैया।"

"तो?"

पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, तीसच्या वेगाने ८. ब्रेकवर पाय पडायच्या आतच एवढं अंतर गेलेलं असतं. हे सगळं मी पाठ केलं होतं. सांगायच्या आत काच वर गेली.

रखवालदार दोन महिन्यांनी कामावर आला. मी त्याला म्हटलं, तुम्हीही या की आमच्यात, तुमचं लोक ऐकतील. तो हसला. "मॅडमजी, आप गाड़ीवाले हो, इसलिए गाड़ीवाले आपकी सुनते हैं। मैं तो रोज़ यहीं खड़ा था।"

यावर मला काही सुचलं नाही. तो आला नाहीच. आता तो गेटपाशी स्टुलावर बसतो, काठी भिंतीला टेकवून. माझी गाडी बाहेर पडताना हात किंचित वर करतो. तो सलाम आहे की 'धीरे' आहे, मला कळत नाही. मी काट्याकडे बघते.