माळढोक आणि कार्बनचा हिशेब

माझा विषय गवताळ प्रदेशातले पक्षी. त्यामुळे हवामान बदलावरच्या परिषदेत माझी पाळी यायची ती शेवटच्या सत्रात, चहा थंड होण्याच्या बेतात असताना. त्याचं काही नाही. पृथ्वी तापते आहे हे मला कुणी पटवून द्यायला नको. माझी शंका वेगळी आहे. पर्यावरणाचं प्रत्येक दुखणं आपण कार्बनच्या एकाच तराजूत घालू लागलो आहोत, आणि त्या तराजूत ज्याचं वजन भरत नाही ते मुकाट मरतं.

माळढोकाचंच पाहा. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. देशात आता दीडशेसुद्धा उरले नाहीत, आणि उरलेले बहुतेक जैसलमेरकडे. या पक्ष्याला तापमानानं इथवर आणलेलं नाही. आधी बंदुका होत्या, मग माळ नांगराखाली गेले, मोकाट कुत्री वाढली. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यात आता विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला धड दिसत नाही, आणि तार दिसली तरी एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही. थरच्या वाळवंटात वर्षाला सुमारे 18 माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. दीडशेतले अठरा! या वेगानं जाणाऱ्या पक्ष्याला संपायला तापमानवाढीची वाट पाहावी लागत नाही.

आणि या तारांपैकी कितीतरी तारांतून वाहते ती सौर आणि पवन ऊर्जा, म्हणजे पृथ्वी वाचवणारी वीज.

एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोकाच्या मुलखातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च 2024 मध्ये सुमारे 99 हजार चौरस किलोमीटरवरचं सरसकट बंधन उठलं आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क याच निकालानं मान्य केला. उच्चदाब वाहिन्या जमिनीखालून नेणं अवघड आणि महाग असतं, हेही खरं. पण माळढोक कुठे वावरतात हे प्रकल्प येण्याआधीपासून माहीत होतं. नकाशावर वाहिनीची रेघ ओढतानाच ती थोडी वळवायला काय हरकत होती? कार्बनचा आकडा गाठायची घाई एवढी, की तो कुठल्या जमिनीवर गाठायचा हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आपल्याकडे, सोलापुरात, याच घाईचं दुसरं रूप दिसतं. 1979 चं माळढोक अभयारण्य 8,496 चौरस किलोमीटरचं, गावं, शेतं, रस्ते सगळं पोटात घेऊन. लोक वैतागले नसते तरच नवल. 2012 मध्ये ते 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक जवळजवळ गेलेच होते. अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल आहेत, पण त्यांना लागतो उघडा माळ, आणि वृक्षलागवडीलाही नेमका तोच हवा असतो. 2019 च्या पावसाळ्यात राज्याचं उद्दिष्ट 33 कोटी झाडांचं होतं. एवढी झाडं लावायची कुठे? जंगलात ती आहेतच, शेतकरी बांधापलीकडे जागा देत नाही. राहतो तो माळ, कारण सरकारी कागदावर तो पडीक. मग तिथे खड्डे खणायचे आणि गिरिपुष्प लावायचं. सावली पडली की खालचं गवत विरळ होतं, आणि उघड्यावर घरटं करणारा पक्षी तिथे फिरकत नाही. मारवेल, पवन्या, कुसळी यांचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो, वणव्यानंही तो सहज जात नाही. पण मुळांसोबत फोटो काढून घेता येत नाही.

पृथ्वीच तापली तर तुझा माळढोक तरी कुठे राहील, असं मित्र विचारतात. बरोबर आहे. पण तापमानाची लढाई शतकभराची आहे, माळढोकाचा निकाल काही वर्षांत लागेल. आणि या दोन्हींत खरं तर भांडण नाहीच. सौर पॅनेल आधी गोदामांच्या, कारखान्यांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या छपरांवर जाऊ द्या. माळावरच्या गिरिपुष्पाच्या रांगा काढा, आणि धनगरांशी बोलून चराईचा काळ ठरवा. यातल्या दुसऱ्या सूचनेवर सभेत हमखास शांतता पसरते, कारण झाडं तोडल्याची बातमी कुठल्याच अधिकाऱ्याला नको असते.