सोचीतला तिरंगा
आमचा थोरला रशियात डॉक्टरकी शिकतो. त्याच्यामुळे मे महिन्यात आम्ही उभयतांनी काळ्या समुद्राकाठचे सोची पाहिले. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटेच गोटे. सकाळी समुद्रात पाय बुडवले आणि दुपारी रेल्वेने क्रास्नाया पोल्याना गाठून, रोपवेने वर जाऊन बर्फात उभे राहिलो! २०१४ चे हिवाळी ऑलिंपिक इथलेच. परतताना फिश्त स्टेडियमसमोर मुलगा म्हणाला, “बाबा, इथे उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याशिवाय होते.” निवडणुकीच्या वादापायी आपल्या ऑलिंपिक संघटनेवर बंदी होती. खेळ चालू असतानाच, ११ फेब्रुवारीला ती उठली. मग ऑलिंपिक गावात तिरंगा चढला. वरच्यांच्या भांडणात राबणाराच भरडला जातो, हे आम्हा कामगारांना नवे नाही. तरी तिथे उभे राहून ते फार लागले.