हवा पिणारं तेल

जवसाच्या तेलाला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. घाण्यावरून आणलेल्या ताज्या तेलाचा थेंब काचेवर बोटानं पसरून ठेवा. शेंगदाण्याचं तेल कित्येक दिवस ओशट राहील. हे मात्र हवेतला ऑक्सिजन ओढत आधी चिकट होतं आणि काही दिवसांत पिवळसर कातडं धरतं. त्याचा निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा. त्या आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि सगळा तापटपणा तिथलाच. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात राहिला, तर आपोआप तापून पेटतोसुद्धा.

लवकर वाळतं म्हणूनच ते रंगात गेलं. शिशाचा सफेदा जवसाच्या तेलात घोटून दाराखिडक्यांना फासायचा, हे शतकानुशतकं चाललं. घराघरात शिसं पोचलं ते याच्या खांद्यावरून, आणि रंगाचे पोपडे तोंडात घालणाऱ्या पोरांच्या रक्तात उतरलं. अमेरिकेनं घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा लागू व्हायला २०१७ उजाडलं. फार उशीर झाला.

आता त्याच तेलाला शिशाविरुद्ध उभं करून पाहिलं जातंय. इजिप्तमधल्या संशोधकांनी उंदरांना लेड ॲसिटेट दिलं आणि त्यांतल्या काहींना जोडीला जवसाचं तेल. शिसं अंगात शिरलं, की हीम घडवणाऱ्या एका विकरातली जस्ताची जागा बळकावतं, पेशींचं राखणदार ग्लुटाथिओन संपवत नेतं आणि पेशींच्या आवरणातली चरबी खराब होऊ लागते. तेल मिळालेल्या उंदरांच्या यकृतात आणि मूत्रपिंडांत ही पडझड कमी दिसली.

मला या कामगिरीचं मोल वाटतं, पण ते आहे तेवढंच मोजावं. शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं वेगळी. ते काम या तेलाचं नाही. शिवाय उंदरावर दिसलेला गुण माणसासाठीच्या बाटलीवर छापता येत नाही. मुलाच्या रक्तात शिसं सापडलं तर डॉक्टरच गाठावा. आणि खवट झालेलं जवसाचं तेल कुणीच पोटात घेऊ नये.

हे तेल ज्या जवसाचं, ते पूर्व विदर्भात धान उभं असतानाच ओल्या बांधीत फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही. धान कापलं की उरल्या ओलीवर रोपं वाढतात, निळी फुलं येतात. तेल माणसांना, ढेप गुरांना. पण या गुणी पिकाची एक खोड आहे: मातीत कॅडमियम असेल तर ते शोषून बियांत साठवतं. म्हणून जवस औषधी म्हणून विकणाऱ्यानं ते कुठल्या शेतातलं आहे आणि तिथली माती तपासली का, हे आधी सांगावं.