कथील आणि राळ

कथील हा धातू पुण्यातील घरांत दोन वाटांनी आला. पहिली वाट कसबा पेठेतल्या तांबट आळीतून स्वयंपाकघरात जाते. पेशवाईपासून हातोडीच्या ठोक्यांवर जगणाऱ्या त्या आळीतली तांब्या-पितळेची पातेली आणि तपेली ज्या घरांत गेली, त्या घरांना वर्षातून एकदोनदा कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे, कारण आतला कथलाचा पातळ थर झिजला की त्यात ठेवलेले ताक किंवा आमटी कळकत असे. दुसरी वाट बुधवार पेठेतली. तपकिरीचे नाव लावणाऱ्या पण विजेच्या सामानाने गजबजलेल्या तपकीर गल्लीत हेच कथील रिळावर गुंडाळलेल्या तारेच्या रूपात मिळते, आणि ते घेऊन घरी जाणाऱ्याच्या मनात बंद पडलेल्या रेडिओचा, टेपरेकॉर्डरचा किंवा संगणकाचा एखादा सुटलेला सांधा असतो.

दोन्ही वाटांवर कथलाला एक सोबती लागतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो, आणि धातूच्या पृष्ठभागावर हवेमुळे साचलेला ऑक्साइडचा थर निघून जाऊन उघड्या पडलेल्या तांब्यावर कथील पसरते. सोल्डरच्या तारेत हे काम राळ करते. पाइन वृक्षाच्या चिकापासून मिळणारी ही राळ तारेच्या पोटातल्या बारीक पोकळीत भरलेली असते, सोल्डरिंग गनच्या टोकाशी ती आधी वितळते, सांधा स्वच्छ करते आणि मग धातूला पुढे वाट देते. जुने कारागीर या जोडकामाला डाख देणे म्हणत. गल्लीतल्या दुकानांत सोल्डर मारणे असा शब्द चालतो, पण गनच्या टोकाला आधी कथलाचा हात द्यावा, तरच ते उष्णता नीट पोचवते, हा नियम कल्हईच्या घराण्यातलाच आहे. या तारेत शिसेही मिसळलेले असते. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना, परंतु ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की ते मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते. दोन धातूंनी एकमेकांच्या सहवासात दोघांपेक्षाही लवकर विरघळावे, ही रसायनशास्त्रातली एक मोठी हळवी गोष्ट आहे.

दुरुस्ती हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इथे चांगला रुळला. दुरुस्त म्हणजे नीट, बरोबर, धडधाकट. म्हणून हिशेबाची दुरुस्ती होते, छापायच्या मजकुराची होते, रस्त्याची होते आणि पंख्याचीही होते. या सगळ्या दुरुस्त्यांत हात शेवटी येतो. आधी चूक कुठे आहे ते वाचावे लागते, आणि घरच्या घरी यंत्र उघडणाऱ्याला हातापेक्षा या वाचनाचीच सवय जास्त काळ घडवावी लागते.

रेडिओचे वाचन कानाने होते. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, १९५९ मध्ये फिलिप्स कंपनीने पुण्याजवळ रेडिओचा कारखाना काढला, आणि त्या काळातले लाकडी पेटीचे काही संच आजही शहरातल्या माळ्यांवर फडक्यात गुंडाळून ठेवलेले सापडतात. अशा व्हॉल्व्हच्या संचाचे बटण फिरवल्यावर काही क्षण शांतता असते, कारण व्हॉल्व्हमधली तार तापून इलेक्ट्रॉन सोडू लागेपर्यंत आवाजाला जन्म नसतो. मग काचेत नारिंगी उजेड येतो आणि लांबून चालत यावा तसा आवाज जवळ येतो. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची. काटा तिच्यावर आणला की संच स्वतःच्या पोटात १२४७ किलोहर्ट्झची एक लहर निर्माण करतो आणि दोघींमधला ४५५चा फरक तेवढा पुढे पाठवतो. काटा मुंबईवर नेला तर आतली लहरही तितकीच सरकते आणि फरक ४५५च राहतो. बाहेर कितीही केंद्रे असोत, आतले सर्व टप्पे त्या एकाच स्वराला लावलेले असतात, म्हणून साध्या संचातही आवाज स्वच्छ निवडता येतो. ही रचना कळल्यावर रेडिओचे झाकण उघडणे म्हणजे अनोळखी घराचे दार उघडणे राहत नाही.

आवाजातला दोष दोषाचे ठिकाण सांगतो. कार्यक्रमामागे सतत एक जाड घुमणारा स्वर येत असेल तर तो बहुधा विजेचाच असतो: घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तिला एका दिशेने वळवताना ते हेलकावे १०० होतात, आणि ते सपाट करण्याचे काम ज्या कंडेन्सरचे, तो सुकलेला असतो. पाठ्यपुस्तके त्याला कपॅसिटर म्हणतात, परंतु जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी कंडेन्सर हाच शब्द बसला आहे. त्याच्या पोटात अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रसायनाने ओला केलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षांच्या ओघात तो ओलावा उडून जातो, आणि उष्णता जितकी जास्त तितका लवकर जातो. तपमान १० अंशांनी कमी ठेवले तर कंडेन्सरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणून भिंतीला पाठ चिकटवून ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी मिरवणारा संच बिचारा आतून लवकर वाळतो. बदलताना नव्या कंडेन्सरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतका आणि व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा अधिक असावा, आणि अंगावरची पट्टी म्हणजे ऋण टोक हे विसरू नये, कारण उलटा बसवलेला कंडेन्सर फुटतो. आवाज कमी-जास्त करताना खरखर होत असेल तर दोष इतका खोल नसतो. आवाजाच्या खुंटीखाली कार्बनचा एक अर्धवर्तुळाकार रस्ता असतो, त्यावर धूळ बसलेली असते, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून खुंटी वीस-पंचवीस वेळा फिरवली की रस्ता मोकळा होतो.

पुण्यातच झालेल्या एका मोठ्या विद्याकार्याशी या कामाचे नाते लावले तर ते ओढूनताणून ठरू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून, श्लोकागणिक पाठभेद नोंदवून, लेखनिकाचा हात कुठे घसरला असेल याचा शोध त्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला. स्टिरिओ अॅम्प्लिफायरची एक बाजू मुकी झाली की जाणता माणूस नेमके हेच करतो. डाव्या आणि उजव्या आवाजाची मंडले, म्हणजे सर्किटे, हुबेहूब सारखी असतात, जणू एकाच पोथीच्या दोन प्रती. मल्टीमीटरची एक सळई जमिनीला, म्हणजे मंडलाच्या शून्य व्होल्टच्या टोकाला, लावून दुसऱ्या सळईने बोलत्या बाजूच्या प्रत्येक ठिकाणचे व्होल्ट कागदावर लिहायचे, मग मुक्या बाजूचे त्याच ठिकाणचे लिहायचे, आणि जिथे पहिल्यांदा दोन आकडे जुळत नाहीत तिथे थांबायचे. पाठभेद सापडला की उरलेले काम पाच मिनिटांचे असते.

या वाचनाला भीतीचीही एक जागा हवी, आणि ती कोणी हलकी मानू नये. भिंतीतल्या २३० व्होल्टपासून संगणकाच्या पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर ३२५ व्होल्टच्या आसपास भरतो आणि प्लग काढल्यावरही ते भरलेपण काही काळ धरून ठेवतो. काचेच्या नळीच्या जुन्या रंगीत टीव्हीत तर नळीवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवून ज्यांनी पुण्यात पहिली चित्रे पाहिली, त्या पिढीच्या घरांत असे संच अजून कुठेकुठे आहेत. त्यांचे पोट अनुभवी हातांसाठीच सोडावे. वितळत्या सोल्डरचा धूर नाकात जाऊ न देणे आणि शिशाच्या तारेला हात लावल्यावर जेवणाआधी ते धुणे, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून पाळता येते.

संगणकांची गोष्ट या शहरात एका नकारातून सुरू होते. परदेशी महासंगणक मिळण्यात अडथळे आले म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक सादर केला. एका राक्षसी प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेणे हे त्याचे सूत्र होते. त्याच दशकात मध्यमवर्गीय घरांत असेंबल्ड पीसी येऊ लागला, म्हणजे ओळखीच्या माणसाने बाजारातून सुटे भाग आणून टेबलावर जोडून दिलेला संगणक. त्या संगणकाने पुष्कळ घरांना एक गोष्ट आयती शिकवली: डब्याला चार स्क्रू आहेत, आणि ते काढता येतात.

आजही जुन्या संगणकाचे निम्मे आजार धुळीचे असतात. पंख्याच्या पात्यांमागे धुळीची दुलई साचते, प्रोसेसर आणि त्याच्यावरची धातूची जाळी यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून खडूसारखी होते, आणि मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते किंवा मध्येच बंद पडते. पडदा काळाच राहून नुसती शिट्टी वाजत असेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावेत, भुगा झटकावा आणि पट्टी खटका ऐकू येईपर्यंत परत दाबावी. या उपायाने शहरात किती संगणक उठून बसले असतील त्याची गणती नाही. सर्वांत मोठा पालट मात्र हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने होतो. हार्ड डिस्कमध्ये चुंबकी तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि एक बारीक दांडी तिच्यावर पुढे-मागे सरकून माहिती शोधते, ज्याला दर खेपेस सेकंदाचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते आणि तोच शोध त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास संपतो. दहा वर्षांचा लॅपटॉप थकलेला असतो असा समज आहे. पुष्कळदा तो थकलेला नसतो, त्या दांडीची वाट पाहत असतो. नव्या डिस्कला हात लावण्यापूर्वी जुन्यावरच्या फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

काही यंत्रे धडधाकट असूनच बाद ठरतात. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना घरात घेत नाही. अशा संगणकावर लिनक्स बसवले की तो पत्रे लिहायला, हिशेब ठेवायला आणि मराठी वाचायला पुन्हा तयार होतो. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्या जगभरच्या चळवळी याच गोंदाविरुद्ध आहेत, आणि भारत सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला एक-चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही.

टाकलेल्या वस्तूंचे पुण्यात एक जुने माहेर आहे. मंगळवार पेठेच्या बाजूला दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या कापडांवर अडॅप्टरांचे ढीग, वायरींचे गुंते, अक्षरे पुसलेले कीबोर्ड, एका कानाचे हेडफोन, कॅसेट डेकचे सांगाडे आणि कोणत्या संचाचे ते कोणालाच न सांगता येणारे बटण असे सारे मांडलेले असते. कंपनीने ज्याचे सुटे भाग बनवणे कधीच थांबवले, त्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर इथे दुसऱ्या मेलेल्या यंत्राच्या पोटात जिवंत सापडतो. दुरुस्ती करणारे लोक तिथे घाईने फिरत नाहीत. ते उकिडवे बसतात, वस्तू उलटी करतात, स्क्रू आधी कोणी उघडले आहेत का ते पाहतात, वास घेतात, कारण जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास कित्येक वर्षे जात नाही. तपकीर गल्लीत नवे मिळते आणि जुन्या बाजारात जोडीचे मिळते, आणि या दोन ठिकाणांच्या मध्ये ये-जा करणारी पिशवी ही पुण्यातल्या घरगुती दुरुस्तीची खरी कार्यशाळा आहे.

काम संपल्यावर जुना संगणक पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याच्या कोपऱ्यात एक विचित्र तारीख दिसते. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा, सीआर २०३२ या नावाचा तीन व्होल्टचा एक सेल असतो, जो वीज नसतानाही आतले घड्याळ चालू ठेवतो. तो संपलेला असला की यंत्र आपल्या बोर्डाच्या जन्मवर्षाकडे परत जाते आणि तिथल्या १ जानेवारीला उभे राहते. नखाने खटका दाबून तो सेल काढता येतो, आणि नवा तपकीर गल्लीत थोड्या पैशांत मिळतो. तो बसवून झाकणाचे चार स्क्रू आवळले जातात, खोलीत राळेचा वास अजून रेंगाळत असतो, आणि यंत्राला आजची तारीख सांगितली जाते.